नव्या फ्लॅटमध्ये ओल आणि बुरशी: बिल्डरची जबाबदारी, तक्रार आणि भरपाई यांबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताबा घेऊन पहिला-दुसरा पावसाळा सरतो न सरतो तोच बेडरूमच्या कोपऱ्यात काळे ठिपके दिसू लागतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि खिडकीखालचा रंग फुगतो. घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढलेल्या माणसाला यावर 'हवामानच दमट आहे' एवढेच उत्तर मिळणे अन्यायाचे आहे. इथली उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील नव्या बांधकामांसाठी आहेत. रेरा हा केंद्रीय कायदा असल्याने गोव्यातही मूळ हक्क तोच आहे. अर्ज आणि नियम मात्र गोवा रेराचे.

नव्या घरात बुरशी आली तर बिल्डर जबाबदार असतो का?

बुरशी ज्या पाण्यावर पोसली, ते पाणी बांधकामातल्या दोषामुळे आत आले असेल तर होय. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे रेरा, याचे कलम १४(३) इथे लागू होते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, कोणतेही जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. त्याने तसे केले नाही तर घरमालकाला भरपाईचा हक्क मिळतो.

कायद्यात 'बुरशी' असा शब्द नाही, म्हणून सगळी लढाई एका प्रश्नावर येऊन थांबते: पाणी कुठून आले? बुरशीचे पन्नास फोटो दाखवूनही या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर बिल्डरचा वकील 'घर बंद ठेवतात, हवा खेळती नाही' असे म्हणून मोकळा होतो.

'हा स्ट्रक्चरल दोष नाही, म्हणून पाच वर्षे लागू नाहीत' असे बिल्डर म्हणतो. खरे आहे का?

नाही. कलम १४(३) मध्ये संरचनात्मक दोषाबरोबरच कारागिरी, दर्जा आणि सेवा-सुविधांमधील दोषही स्पष्टपणे घेतले आहेत. बाहेरच्या प्लास्टरला भेगा, बाथरूमचे फसलेले वॉटरप्रूफिंग, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट हे सगळे कारागिरीचे दोष आहेत. महाराष्ट्राच्या जुन्या मोफा कायद्यात, म्हणजे १९६३ च्या सदनिका मालकीविषयक कायद्यात, ही मुदत तीन वर्षांची होती. काही बिल्डरांच्या कार्यालयात अजूनही तोच आकडा सांगितला जातो.

पाच वर्षे नेमकी कधीपासून मोजायची?

ताबा दिल्याच्या तारखेपासून. करारनाम्याची किंवा भोगवटा प्रमाणपत्राची तारीख यासाठी धरत नाहीत. 'फर्निचरच्या कामासाठी ताबा' आधी आणि अंतिम ताबा नंतर दिला असेल तर वाद होऊ शकतो. अशा वेळी आधीची तारीख धरून चालावे, म्हणजे मुदतीचा मुद्दाच उरत नाही.

ही पाच वर्षे दोष कळवण्याची मुदत आहे. चौथ्या वर्षी लेखी कळवले आणि बिल्डरने आठ महिने टोलवाटोलवी केली, तर तुमचा हक्क बुडत नाही. याउलट चार वर्षे फक्त फोनवर सांगत राहिलात आणि सहाव्या वर्षी पहिले पत्र लिहिले, तर हातात फारसे काही राहत नाही. साइट ऑफिसमधल्या माणसाला तोंडी सांगणे म्हणजे कळवणे नव्हे, कारण तो माणूस पुढच्या वर्षी तिथे नसतो.

भिंतीवर आहे ती बुरशीच आहे, हे कसे ओळखायचे?

पांढरी, पिठासारखी, बोटाने चोळली की झडणारी पूड असेल आणि पाणी शिंपडल्यावर ती विरघळत असेल, तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. काळे, हिरवट किंवा करडे ठिपके असतील, पुसल्यावर पसरत असतील आणि कुबट वास असेल तर बुरशी. लोणा दिसला तरी निराश होऊ नका. भिंतीतून पाणी प्रवास करते आहे याचा तो उलट अधिक भक्कम पुरावा आहे, कारण हवेतल्या दमटपणाने पृष्ठभागावर जमलेले पाणी भिंतीच्या आतले क्षार बाहेर आणत नाही.

पाणी कुठून येते हे कसे शोधायचे?

घाई करू नका, इथे घालवलेला एक आठवडा पुढची दोन वर्षे वाचवतो. सुरुवात डागाच्या जागेपासून करा.

खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांपासून डाग खाली उतरत असेल तर बहुतेक वेळा चौकट आणि ग्रॅनाइटची पट्टी यांमधली फट, सुटलेले सिलिकॉन किंवा बाहेरच्या बाजूला उतार न दिलेली खिडकीची पाटी हे कारण असते. पाटीच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच नसली की पाणी भिंतीला चिकटून आत मुरते. तुळईच्या खाली आडवी, सरळ रेषेत ओल दिसत असेल तर काँक्रीटची तुळई आणि ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यावर जाळी न मारताच प्लास्टर केलेले असण्याची शक्यता मोठी. काँक्रीट आणि एएसी ब्लॉक, म्हणजे हलके सच्छिद्र सिमेंटचे ब्लॉक, उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात हलतात आणि नेमक्या त्या सांध्यावर भेग पडते.

मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींवर एकाच उंचीवर, ठराविक अंतराने गोल डाग उमटलेले दिसले तर साचा धरून ठेवणाऱ्या टायची भोके नीट भरलेली नसावीत. असा डाग दिसला की लगेच मोजपट्टी लावून फोटो काढा. भोकांमधले समान अंतर फोटोत दिसले की 'रहिवाशांच्या वापरामुळे' हा बचाव टिकत नाही.

बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंत ओल असेल आणि ती उन्हाळ्यातही वाळत नसेल, तर खोलगट स्लॅबमध्ये, म्हणजे कोब्याखाली, पाणी साठले आहे. न्हाणी ट्रॅपभोवतीचा सांधा हे नेहमीचे गळके ठिकाण. सर्वात वरच्या मजल्यावर छतालाच डाग असतील तर गच्चीचे वॉटरप्रूफिंग तपासावे लागते.

मग तीन साध्या चाचण्या करा:

- प्लास्टिकची चाचणी. साधारण ४५ सेंमी × ४५ सेंमी पारदर्शक प्लास्टिक डागाजवळच्या, पुसून कोरड्या केलेल्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतले बाष्प आहे. लावताना आणि काढताना सलग व्हिडिओ घ्या.
- पाणी साठवण्याची चाचणी. बाथरूमच्या सगळ्या ट्रॅपची तोंडे बंद करून सुमारे २५ मिमी पाणी २४ ते ४८ तास ठेवायचे आणि खालच्या मजल्याचे छत व शेजारची भिंत पाहायची. पाण्यात रंग टाकला तर मार्ग अधिक स्पष्ट कळतो. वरच्या फ्लॅटची लेखी संमती आधी घ्या.
- तारखांची नोंद. ओल पावसाच्या दिवशी वाढते, की वरच्यांचे बाथरूम वापरले जाते तेव्हा, की एसी चालू असताना? आठ-दहा दिवसांची वही आणि सोबत चारपाचशे रुपयांचे आर्द्रतामापक पुरते.

बिल्डर म्हणतो, 'नवे बांधकाम आहे, दोन पावसाळे जाऊ द्या.' थांबावे का?

यात थोडे तथ्य आहे. काँक्रीट, प्लास्टर आणि कोबा यांत बांधकामाचे पाणी असते आणि ते निघून जायला काही महिने लागतात. घाईने पुट्टी आणि रंग चढवला तर ते पाणी आत कोंडून पहिल्या वर्षी सर्वच खोल्यांत थोडीफार ओल दिसू शकते. पण असा ओलावा सगळीकडे सारखा असतो आणि दर महिन्याला कमी होत जातो. एकाच कोपऱ्यात, दर पावसात परत येणारा डाग हा बांधकामाचे पाणी नव्हे. दुरुस्तीसाठी थांबायचे तर थांबा, पण लेखी कळवायला एक दिवसही थांबू नका.

आणि खरोखरच ते हवेतले बाष्प असेल तर?

तर बहुधा उपाय तुमच्या हातात आहेत: ओले कपडे खोलीत न वाळवणे, कपाट बाहेरच्या भिंतीपासून ५-७ सेंमी पुढे सरकवणे, स्वयंपाकघर व बाथरूमचा पंखा चालवणे, घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवणे. तरी एक गोष्ट तपासाच. बाथरूमच्या पंख्याची हवा खरोखर बाहेर जाते की फॉल्स सीलिंगच्या पोकळीत किंवा बंद डक्टमध्ये सोडलेली आहे? मंजूर नकाशात दाखवलेला झरोका प्रत्यक्षात आहे का? ही वायुवीजनाची सोयच दिलेली नसेल, तर बाष्पातून आलेली बुरशीही बिल्डरच्या दारात जाते.

तक्रार करायची आहे, म्हणून बुरशी तशीच ठेवावी का?

नाही. विशेषतः घरात दमा किंवा ॲलर्जीचा रुग्ण, लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर अजिबात नको. ओलसर, बुरशी लागलेली घरे आणि श्वसनाचे विकार यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवला आहे. आधी फोटो, व्हिडिओ आणि मोजमाप घ्या. मग एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. कोरडे खरवडू नका, त्याने बीजाणू घरभर उडतात. ब्लीच वापरत असाल तर ते टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियायुक्त क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. एक चौरस मीटरपेक्षा मोठा पट्टा असेल तर जाणकाराकडून काम करून घ्या आणि पावती ठेवा. साफ केल्यावर किती दिवसांनी डाग परत आला, हीही नोंद पुरावाच असते.

कोणते पुरावे जमवायचे?

नोंदणीकृत करारनामा, ताबापत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, बिल्डरशी झालेला सगळा पत्रव्यवहार. फोटोंमध्ये एक खोली ओळखू येईल असा लांबून आणि मग जवळून, असे जोडीने घ्या. डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली की पुढच्या महिन्यात तो वाढल्याचे आपोआप दिसते. ज्या मोबाइलवर मूळ फोटो आहेत तो विकू नका, मूळ फाइल जपा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि तेव्हा मूळ उपकरणाचा तपशील लागतो.

खराब झालेले फर्निचर, गाद्या, कपडे यांची बिले, डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांच्या पावत्या एका पाकिटात ठेवा. महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तुमच्या प्रकल्पाचे पान उघडून प्रवर्तक (म्हणजे बिल्डर), वास्तुविशारद व अभियंता यांचे तपशील उतरवून घ्या. बांधकामाच्या दर्जाबाबत अभियंत्याने द्यायचे नमुना २-अ प्रमाणपत्र तिथे असेल तर तेही घ्या. वॉटरप्रूफिंग ठेकेदाराने बिल्डरला हमीपत्र दिलेले असते, त्याची प्रत लेखी मागा.

बीजाणूंची प्रयोगशाळेत तपासणी करावी का?

सहसा गरज नाही. घरातल्या हवेत किती बीजाणू चालतील याची कायदेशीर मर्यादा आपल्याकडे ठरलेली नाही, त्यामुळे महागड्या अहवालातला आकडा कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न राहतोच. तोच पैसा चांगल्या अभियंत्यावर खर्च करा.

अभियंत्याच्या अहवालात काय असले पाहिजे?

संरचना अभियंता किंवा चार्टर्ड इंजिनिअर निवडा. ज्याची कंपनी स्वतः वॉटरप्रूफिंगची कामे घेते त्याचा अहवाल टाळा. अहवालात फ्लॅटचा नकाशा आणि त्यावर क्रमांक टाकलेल्या जागा, प्रत्येक जागी ओलावामापकाचे आकडे आणि तुलनेसाठी त्याच खोलीतल्या कोरड्या भागाचा आकडा हवा. विटा-प्लास्टरवर हे यंत्र लाकडासाठीच्या टक्केवारीत वाचन देते, त्यामुळे एकटा आकडा काहीच सांगत नाही, फरक सांगतो. त्यापुढे कारण, दुरुस्तीची पद्धत आणि बाबवार अंदाजपत्रक हवे. 'ओल आढळली, योग्य ती दुरुस्ती करावी' एवढ्या दोन ओळींच्या अहवालाला महारेरा किंवा ग्राहक आयोगापुढे किंमत नसते. संपूर्ण इमारतीचा प्रश्न असेल तर सोसायटीने व्हीजेटीआय किंवा सीओईपीसारख्या अभियांत्रिकी संस्थांकडे विचारणा करावी.

तपासणीची तारीख बिल्डरला सात दिवस आधी ईमेलने कळवा आणि हजर राहायला बोलवा. तो आला नाही तरी 'आमच्या पाठीमागे अहवाल केला' हे म्हणणे दुबळे पडते.

बिल्डरला पत्र कसे लिहावे?

करारनाम्यातल्या 'नोटीस' कलमात जो पत्ता आणि ईमेल दिला आहे, नेमक्या त्यावर. ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट, दोन्ही. व्हॉट्सॲप फक्त जोडीला. भाषा साधी आणि नेमकी असावी:

> 'विषय: रेरा अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) अन्वये दोषाची सूचना. फ्लॅट क्र. ___, इमारत ___, महारेरा नोंदणी क्र. ___, ताबा दि. ___.
> वरील फ्लॅटमध्ये पुढील दोष आढळले आहेत: (१) मास्टर बेडरूम, पश्चिमेकडील भिंत, खिडकीखाली सुमारे १२० सेंमी × ६० सेंमी ओल व बुरशी; पहिल्यांदा दि. ___ रोजी दिसली. (२) … सोबत फोटो व नोंदी जोडल्या आहेत. हे दोष बांधकामाच्या कारागिरीतील असून त्यांचे मूळ कारण शोधून, दुरुस्तीची पद्धत आम्हाला लेखी कळवून, हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करावी. पाहणीसाठी आम्ही दि. ___ व ___ रोजी उपलब्ध आहोत. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास कायद्यानुसार भरपाईसह दाद मागू.'

पाहणीसाठी दोन तारखा देणे फार महत्त्वाचे. 'आम्ही आलो होतो, दार उघडले नाही' हा बचाव त्याने संपतो. वकिलाची नोटीस पहिल्याच पत्राला लागत नाही.

माणूस येतो, खरवडून रंग मारून जातो, पुढच्या पावसात पुन्हा तेच. काय करावे?

आतून रंग मारणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, भिंतीच्या बाहेरून येणारे पाणी आतल्या रंगाने थांबत नाही. उलट आतून जलरोधक लेप दिला की पाणी भिंतीतच कोंडते आणि शेजारच्या खोलीत फुटते. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी ईमेल करा: कोण आले, काय केले, बाहेरून काम केले का, भेग भरली का. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर 'समाधानकारक' असे लिहून सही देऊ नका. 'काम केल्याचे पाहिले; पुढील पावसाळ्यानंतर तपासणीच्या अधीन' असे स्वतःच्या हाताने लिहा. पाणी साठवण्याची चाचणी काम झाल्यावर पुन्हा करून घ्या.

पावसाळ्यात बाहेरचे काम होत नाही म्हणून ३० दिवस शक्य नाहीत, हे मान्य करावे का?

चौदाव्या मजल्यावर दोरीला लटकून जुलैत प्लास्टर करायला लावणे कामगाराच्या जिवाशी खेळ आहे, आणि ओल्या भिंतीवर लेप धरतही नाही. त्यामुळे मुदत वाढवून द्या, पण लेखी: ऑक्टोबरमधली सुरुवातीची तारीख, पूर्ण होण्याची तारीख, आणि तोपर्यंत खिडकीभोवती तात्पुरते सील किंवा ताडपत्री. अशा समजुतीचा ईमेल नसेल तर मार्चमध्ये 'आता पुढच्या पावसाळ्यानंतर पाहू' असे ऐकावे लागते.

करारनाम्यातल्या कोणत्या कलमांवर बिल्डर बोट ठेवतो?

पुण्या-मुंबईच्या बऱ्याच करारनाम्यांत एकाच साच्याची वाक्ये आढळतात. एक: २० अंश सेल्सिअसहून जास्त तापमानफरकामुळे पडलेल्या केसासारख्या बारीक भेगा हा दोष मानला जाणार नाही. दोन: लेखी परवानगीशिवाय बाथरूम-स्वयंपाकघरात फेरफार केल्यास दोष-दायित्व संपेल. तीन: दावा करण्याआधी दोघांनी मिळून तज्ज्ञ नेमून अहवाल घ्यावा लागेल.

पहिल्यावर उत्तर असे की भेग बारीक असो वा मोठी, तिच्यातून पाणी आत येत असेल तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही. तिसऱ्या अटीसाठी तुमच्या पत्रातच 'संयुक्त तज्ज्ञ नेमण्यास आम्ही तयार आहोत, १० दिवसांत नाव कळवा' असे लिहून टाका. कायद्याने दिलेला हक्क कराराने कमी करता येत नाही. दोष-दायित्वाच्या कलमात बदल चालणार नाही, असे महारेरानेही बजावले आहे.

खरा धोका दुसऱ्या कलमात आहे. बाथरूमच्या टाइल्स बदलल्या असतील, कोबा फोडला असेल, तर त्या बाथरूमच्या गळतीचा दावा अवघड होतो. पण हॉलमधल्या बाहेरच्या भिंतीच्या ओलीशी त्याचा काहीही संबंध नाही, हे ठामपणे मांडा. एसीच्या तांब्याच्या नळीसाठी भिंतीला पाडलेले भोक नीट सील केले आहे का, हे मात्र आधी स्वतः तपासा.

ताबा घेताना 'कोणतीही तक्रार नाही' यावर सही केली होती. आता?

त्या दिवशी दिसत नसलेला दोष त्या सहीने माफ होत नाही. डिसेंबरात ताबा घेणाऱ्याला जुलैतली गळती कशी दिसणार? कलम १४(३) ताबा घेतल्यानंतरच्याच काळासाठी आहे.

महारेरा की ग्राहक आयोग?

दोन्ही मार्ग खुले आहेत. रेरा आल्याने ग्राहक कायद्याखालचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने इम्पेरिया स्ट्रक्चर्स विरुद्ध अनिल पटनी (२०२०) या निकालात स्पष्ट केले. एकाच मागणीसाठी एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा मात्र रेराच्या कक्षेतील विषयांसाठी कलम ७९ ने बंद केला आहे.

आमचे मत असे: बिल्डर कामधंद्यात टिकून आहे, नवे प्रकल्प विकतो आहे आणि तुम्हाला मुख्यतः इमारत दुरुस्त करून हवी आहे, तर महारेरा. तिथल्या आदेशाची बिल्डरला नोंदणीमुळेच धास्ती असते. दुरुस्ती तुम्ही स्वतः करून घेतली आहे आणि आता खर्च, मनस्ताप, भाडे सगळे एकत्र मागायचे आहे, तर ग्राहक आयोग सोयीचा. महारेरात दुरुस्तीचा आदेश प्राधिकरण देते, पण भरपाईची रक्कम कलम ७१ खाली न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. म्हणजे दोन अर्ज करावे लागू शकतात.

महारेरात तक्रार कशी करायची?

महारेराच्या संकेतस्थळावर खाते उघडून, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून, ऑनलाइन. शुल्क ५,००० रुपये. तथ्ये तारखेनुसार क्रमाने, दीड-दोन पानांत लिहा, मागण्या वेगळ्या आणि क्रमांकित ठेवा. 'बिल्डरला योग्य ते आदेश द्यावेत' अशी मोघम मागणी करू नका. 'पश्चिमेकडील बाह्य भिंतीची अहवालातील परिच्छेद ६ प्रमाणे दुरुस्ती ६० दिवसांत करावी' असे लिहा. वकील सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते, किंवा वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव यांना अधिकार देता येतो. सामोपचाराचा सलोखा मंचही आहे. बिल्डर बोलायला तयार असेल तर तो जरूर वापरा, पण तिथली तडजोड लेखी आणि तारखांसह हवी.

ग्राहक आयोगात किती खर्च आणि किती मुदत?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची असते. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. कुठल्या आयोगात जायचे ते तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून जास्त असेल तर राष्ट्रीय आयोग. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटमधल्या दोन लाखांच्या दुरुस्तीसाठीही राज्य आयोगात जावे लागते. शुल्क नाममात्र आहे: २० ते ५० लाखांसाठी १,००० रुपये, ५० लाख ते १ कोटीसाठी २,००० रुपये, १ ते २ कोटींसाठी २,५०० रुपये. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगातही तक्रार चालते. चिपळूणला फ्लॅट घेऊन ठाण्यात राहणाऱ्यांना याचा मोठा फायदा होतो. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. वाद तांत्रिक असेल तर पाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमण्याची विनंती सुरुवातीलाच करा.

काय काय मागता येते?

दुरुस्तीचा खर्च, खराब झालेल्या वस्तूंची किंमत, दुरुस्तीच्या काळात बाहेर राहावे लागल्यास भाडे आणि सामान हलवण्याचा खर्च, तज्ज्ञाचे शुल्क, वैद्यकीय खर्च, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च आणि व्याज. पहिल्या काही बाबी कागदाने सिद्ध होतात, त्यांवर जोर द्या. आजार आणि बुरशी यांचा संबंध दाखवायला डॉक्टरांनी तशी नोंद केलेली असावी लागते. मानसिक त्रासापोटी पन्नास लाख मागितल्याने बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वासही उडतो.

ओल वरच्या फ्लॅटमधून येते. बिल्डर, सोसायटी की वरचा मालक?

इमारत पाच वर्षांच्या आतली असेल आणि वरच्याने काहीही फेरफार केलेला नसेल, तर मूळ वॉटरप्रूफिंग बिल्डरचे, म्हणून जबाबदारीही त्याची. पत्र बिल्डरला, प्रत सोसायटीला आणि वरच्यांना. वरच्याने बाथरूम फोडून नवे केले असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या सभासदाने स्वखर्चाने करायची असते. बाहेरच्या सामाईक नळवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, पावसाचे पाणी आणि गच्चीची गळती सोसायटीकडे येते. त्यावरचा वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो.

सोसायटी झाली, हस्तांतरण झाले. 'आता देखभाल सोसायटीची' असे बिल्डर म्हणतो.

देखभाल सोसायटीची, दोष बिल्डरचा. कन्व्हेयन्स झाल्याने कलम १४(३) ची पाच वर्षे संपत नाहीत. बाहेरच्या भिंतीचा प्रश्न असेल तर एकेका फ्लॅटने भांडण्यापेक्षा सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून, फ्लॅटवार तक्ता जोडून एकच तक्रार करावी. एकाच उभ्या रांगेत दुसऱ्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत सगळ्यांच्या त्याच कोपऱ्यात ओल आहे, हा तक्ताच निम्मी केस जिंकून देतो.

आदेश मिळाला, पण बिल्डर जुमानत नाही.

महारेराने ठरवलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून तहसीलदाराकडे जाते. तिथे पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. बिल्डरच्या न विकलेल्या सदनिकांची यादी महारेराच्या पानावरून काढून दिली तर जप्ती लवकर होते. दुरुस्तीचा आदेश मोडल्यास रेराच्या कलम ६३ खाली रोजचा दंड लागतो, एकूण प्रकल्पखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. अपिलाची मुदत ६० दिवस आहे, आणि भरपाईविरुद्ध अपील करणाऱ्या बिल्डरला आधी पूर्ण रक्कम भरावी लागते. ग्राहक आयोगाचा आदेश मोडला तर ग्राहक कायद्याच्या कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कारावास होऊ शकतो.

फ्लॅट दुसऱ्याकडून विकत घेतला आहे, किंवा भाड्याने राहतो. हक्क आहे का?

पुनर्विक्रीत घेणारा रेराच्या व्याख्येनुसार 'वाटपग्राही', म्हणजे ज्याला फ्लॅट दिला गेला असा हक्कदार, ठरतो. पाच वर्षे मात्र पहिल्या ताब्यापासूनच मोजा आणि जुन्या मालकाचा पत्रव्यवहार मागून घ्या. भाडेकरू त्या व्याख्येत येत नाही, त्याने घरमालकामार्फत पाठपुरावा करावा.

म्हाडा, सिडको, पुनर्विकास, स्वतःच्या प्लॉटवरचा बंगला?

सार्वजनिक संस्थाही रेराच्या 'प्रवर्तक' या व्याख्येत येतात. पुनर्विकासात जुन्या सभासदांचा पहिला आधार विकास करारनामा असतो. त्यातला दोष-दायित्वाचा कालावधी आणि बँक हमी कधी सोडायची ती अट पाहा. ओल दिसत असताना हमी परत करू नका. स्वतःच्या जागेवर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या बंगल्याला रेरा लागू नाही, पण घरबांधणी ही ग्राहक कायद्याखाली सेवा आहे, म्हणून ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांची मुदत कडक समजा, आणि शेवटच्या हप्त्यातले काही पैसे पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायचे असे करारातच लिहून घ्या.

वाद चालू असताना कर्जाचा हप्ता किंवा देखभाल खर्च थांबवावा का?

नाही. बँकेचा या दोषाशी संबंध नाही. हप्ता चुकला तर तुमचीच पत बिघडते. देखभाल थकवली तर सोसायटी वसुलीची कारवाई करू शकते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

बिल्डर दिवाळखोरीत गेला तर?

दिवाळखोरी संहितेखाली प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धच्या महारेरा व ग्राहक आयोगातील कारवाईला स्थगिती येते. २०१८ च्या दुरुस्तीपासून घर खरेदीदार वित्तीय धनको, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांसारखे देणेकरी, मानले जातात. जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत नमुना सीए भरून, अभियंत्याचे अंदाजपत्रक जोडून, ही प्रक्रिया चालवणाऱ्या निराकरण व्यावसायिकाकडे दावा दाखल करा. अशा स्थितीत सोसायटीने प्रथम बाहेरच्या भिंतींचे काम स्वतः हाती घेणे आणि त्याची बिले दाव्यात दाखवणे व्यवहार्य ठरते, कारण प्रक्रिया संपेपर्यंत आणखी पावसाळे जातील.